दहा लाख नऊला भागून दाखवा

चामोर्शी, सोमवार, ३ डिसेंबर १९५६

आजपासून रोज लिहायचं. मोजकं. शुद्ध भाषेत. न रागावता.

हेडमास्तर गाढव आहे.

कारण: फेब्रुवारीपासून सातवीचं गणित माझ्याकडून काढणार. बावीस वर्षं झाली मला सातवीला गणित शिकवून. या भागात ज्याला ज्याला त्रैराशिक येतं, त्याच्या कानाला माझा हात लागलेला आहे. आता म्हणे चैतू मडावी नागपूरहून बी.एस्सी. होऊन आला, गणित त्याला द्यायचं. आणि मला काय? टकळी! पोरांना सूत कातायला शिकवा म्हणे. मी, देवाजी बोरकुटे, टकळी फिरवत बसू?

चैतूला चौथीत पाढे मीच शिकवले. त्याचा बाप सुकलू जंगलातून चारोळी घेऊन बाजारात यायचा आणि पोराला माझ्या ओसरीत सोडून जायचा. तो चैतू आज स्टाफरूममध्ये माझ्या पाया पडला. सगळ्यांसमोर. मुद्दाम.

माझा तोल गेला नाही. फक्त टेबल आपटलं. हेडमास्तरला म्हटलं, सव्वीस जानेवारीला गावासमोर फळ्यावर एक संख्या लिहितो. मोठी. तुमच्या बी.एस्सी.नं ती भागून दाखवावी. हेडमास्तर म्हणाले, मान्य. कोणालाच भागता आली नाही तर सातवी तुमची. भागली तर निमूट टकळी घ्यायची. सगळ्यांनी ऐकलं.

म्हणजे सातवी माझीच.

४ डिसेंबर, सकाळी

संख्या शोधली. अर्धा तास लागला.

पाहिजे ती मूळ संख्या. एक आणि ती स्वतः, एवढे दोघे सोडून जिला कोणीही पुरतं भागू शकत नाही ती मूळ. सात, अकरा, तेरा. बाकीच्या सगळ्या संयुक्त. कोणीही यावं आणि वाटे पाडून जावं.

दहा लाख ही लाचार संख्या. दोनापुढे वाकते, पाचापुढे वाकते. पुढे हेडमास्तर होईल. दहा लाख एक, एकशे एकनं भागली. दहा लाख तीन काही केल्या भागेना, पण तीनचा आकडा मला मानवत नाही. माझं लग्न तीन तारखेला झालं. सोडली. दहा लाख सात एकोणतीसनं फुटली.

दहा लाख नऊ! शेवटी नऊ. ग्रह नऊ, रस नऊ, रात्री नऊ. बघताक्षणी कळलं की ही मूळ आहे. गणिताच्या माणसाला ते आतूनच कळतं. आता फक्त सिद्ध करायचं राहिलं.

४ डिसेंबर, दुपारी

शकूला सांगितलं. शकू म्हणजे माझी बायको. ती म्हणे, दहा लाख नऊ काय? मी म्हटलं, काही नाही, नुसतेच. ती म्हणे, नुसत्याले कोण भागते जी? तांदूळ निवडून द्या थोडे.

हिच्याशी बोलण्यात अर्थ नाही.

७ डिसेंबर

तीन, सात, अकरा, तेरा झाले. कोणालाही पुरती भागली नाही. सतरानं भागलं तर बाकी एक. एकोणिसानं भागलं तरी बाकी एक. तीननंसुद्धा एकच उरला होता. कोणी म्हणेल थोडक्यात वाचली. म्हणणारा मूर्ख. थोडक्यात वाचायला ती काय बाजारातली कोंबडी आहे?

एकूण काम असं: हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. त्यापुढे जायची गरज नाही. हजाराच्या वरचा कोणी भागत असेल तर त्याचा जोडीदार हजाराच्या आत सापडतोच. अशा मूळ संख्या एकशे अडुसष्ट आहेत. रोज दहा केल्या तरी डिसेंबरात संपतं. उद्यापासून पहाटे उठणार.

८ डिसेंबर

उठलो नाही. थंडी.

११ डिसेंबर

अपमान! स्टाफरूममध्ये हेडमास्तर चहा फुंकत म्हणाले, बोरकुटे, भागाकार तुम्हीच करणार, बाकी उरली म्हणून तुम्हीच सांगणार. पंच कोण?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. बावीस वर्षं मी सांगितलेली बाकी गावानं निमूट ऐकली, आता पंच हवा? चैतू मधेच म्हणाला, गुरुजींच्या शब्दावर माझा विश्वास आहे जी. याला कोणी विचारलं होतं? मी म्हटलं, पंच आणतो. असा आणतो की कोणाची बोलायची छाती होणार नाही.

१२ डिसेंबर

मुखरू मापारी.

खळ्यावर धान मोजायला त्यालाच बोलावतात. मुखरूनं मोजलं की वाटणीतले भाऊसुद्धा भांडत नाहीत. तो मोजताना कोणी बोललं तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. असा माणूस पाहिजे. तंबाखूवर कबूल झाला.

रीत माझी. पाटीवर भागाकार मी शेवटच्या पायरीपर्यंत आणतो. तिथं जेवढं उरलं तेवढ्या चिचोक्यांचा ढीग मुखरूपुढे. ज्यानं भागायचं तेवढे चिचोके मुखरू एका खेपेला उचलून बाजूला टाकणार. जमेल तितक्या खेपा करून थांबणार. मी विचारणार, उरलं? तो म्हणणार, उरलं जी. मी खूण करणार. शेवटची वजाबाकी मी स्वतः मुद्दाम करत नाही. ढिगाकडे बघतसुद्धा नाही. तटस्थपणा म्हणतात याला. हेडमास्तरच्या सात पिढ्यांना जमणार नाही.

१५ डिसेंबर

चिचोके शकूचे. तिनं ते वर्षभर टोपलीत जमवले होते. सकाळपासून तोंड सुरू आहे. म्हणे, घरात पाय ठेवाले जागा नाई, काऊन मांडून राह्यले हा पसारा, भिंतीले रंग द्याले खळ कशाची करू? मी म्हटलं, बाई, सातवीचा प्रश्न आहे. ती म्हणे, सातवीत कोण आहे आपलं?

मी जेवलो नाही. म्हणजे उशिरा जेवलो.

१९ डिसेंबर

एकशे तेरापर्यंत झालं. मुखरू फार सावकाश. पहिल्या खेपेला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो. मी म्हटलं, मुखरूभाऊ, हे गणित आहे, इथं एक म्हणायचं. तो म्हणे, मंग तुमीच मोजा. लाभ तर लाभ.

२२ डिसेंबर

आज चैतूनं कहरच केला. मधल्या सुट्टीत मला म्हणाला, गुरुजी, जुने ग्रीक लोक संख्यांचे तीन वर्ग करत. संख्येला भागणारे तिच्यापेक्षा लहान आकडे घ्यायचे आणि त्यांची बेरीज करायची. बेरीज तेवढीच आली तर पूर्ण, जशी सहाची: एक, दोन, तीन मिळून सहा. जास्त आली तर अधिक. कमी आली तर न्यून.

मी विचारलं, मग माझी?

तो म्हणाला, गुरुजी, मूळ असेल तर न्यूनच. तिला भागणारा लहान आकडा एकटा एक. बेरीज एक. त्याहून कमी कोणाचीच नसते.

न्यून! दहा लाख नऊ न्यून! कोण हे ग्रीक? यांना चांदा जिल्ह्यात कोणी बोलावलं? मी म्हटलं, जिच्यात कोणाचा वाटा नाही तिला न्यून म्हणणाऱ्याची अक्कल न्यून. चैतू हसला. म्हणाला, आमच्या गोंडांत, गुरुजी, सोयरीक करायच्या आधी विचारतात, तुमचे देव किती? कोणी चार देवांचे, कोणी पाच, सहा, सात. तशा संख्या पण विचारून बघाव्या.

मी म्हटलं, माझ्या संख्येला देव एकच. मी.

घंटा झाली, तो वर्गावर गेला. जिंकलो.

२७ डिसेंबर

महिना संपत आला. दोनशेच्या पुढे सरकलो नाही. दोष सर्वस्वी थंडीचा, शकूचा आणि नवीन मुंबई राज्याचा. राज्य बदललं आणि रजेचे अर्ज दोनदा लिहायला लावले. नाहीतर आत्तापर्यंत हजार गाठलं असतं.

संकल्प: १ जानेवारीपासून रोज पंधरा.

२ जानेवारी १९५७

डोकं फिरलंय. नीट लिहिता येत नाही तरी लिहितो.

टकळ्या आल्या! पेटीभर. हेडमास्तरनं त्या माझ्या टेबलावर ठेवल्या. सव्वीस तारखेला अजून किती दिवस आहेत! मी पेटी उचलून त्यांच्या टेबलावर ठेवली. शिपायानं परत माझ्या टेबलावर आणली. मी परत नेली. शेवटी व्हरांड्यात ठेवली, तिथं बकरीनं पुठ्ठा खाल्ला आणि त्याबद्दलही मलाच बोलले.

संध्याकाळी तशाच डोक्यानं भागाकाराला बसलो. दोनशे त्र्याण्णवची पाळी. मोठा ढीग होता. मुखरूनं दोन खेपा उचलल्या आणि बराच वेळ उरलेल्या ढिगाकडे बघत बसला. मी ओरडलो, उरलं की नाही? तो म्हणे, उरलं जी, बक्कळ उरलं.

शाब्बास! आजवर एवढं कधी उरलं नव्हतं. जेवढं जास्त उरतं तेवढी संख्या जास्त मूळ. हा नियम माझा. कोणत्याही पुस्तकात नाही.

९ जानेवारी

चारशे एकपर्यंत झालं. बोटं काळी. मुखरू म्हणे, खळ्यावरचं काम पडून आहे, लोक शिव्या देऊन राह्यले. त्याला समजावलं, की धान दरवर्षी पिकतं, दहा लाख नऊ एकदाच सिद्ध होते. त्याला पटलं नाही, पण तंबाखू घेतली.

१४ जानेवारी

संक्रांत. शकू तिळगूळ देऊन म्हणे, गोड बोला. दिवसभर कोणाशीच बोललो नाही. त्याहून गोड मला जमत नाही.

१८ जानेवारी, दुपारी ४

झालं!! नऊशे सत्त्याण्णव! शेवटची! ढिगात अठरा चिचोके उरले. हे मी स्वतः पाहिलं, शेवटचं म्हणून. दहा लाख नऊ मूळ आहे. मुखरूला मिठी मारायला गेलो, तो मागं सरकला.

शकूनं त्याच मिनिटाला टोपली आणून सगळे चिचोके भरून नेले. अशा वेळी बायको काहीतरी बोलते. ही म्हणे, हात धुऊन या.

सातवी माझी. पोरांना उद्यापासूनच जरा कडक वागवायला हवं.

२१ जानेवारी

नुसतं मूळ म्हणून भागणार नाही. गावासमोर संख्येचं घराणंही सांगावं लागेल. एक तर उघडंच आहे: हजाराचा वर्ग दहा लाख, तीनचा वर्ग नऊ. दोन वर्गांची बेरीज म्हणजे दहा लाख नऊ. ही गोष्ट स्टाफरूममध्ये सांगितली. चैतू म्हणाला, सुंदर आहे जी, गुरुजी. याचं कौतुकसुद्धा मला सहन होत नाही. सुंदर आहे हे मला माहीत नाही का?

म्हणून घरी येऊन वर्गांची कोष्टकं मांडली. रागात माझी आकडेमोड फार चालते.

२३ जानेवारी

कोणाला सांगू आणि कोणाला नको!

नऊशे बहात्तरचा वर्ग: नऊ लाख चव्वेचाळीस हजार सातशे चौऱ्याऐंशी. दोनशे पस्तीसचा वर्ग: पंचावन्न हजार दोनशे पंचवीस. बेरीज करा. करा! दहा लाख नऊ!

एक संख्या आणि दोन वर्गांची बेरीज दोन तऱ्हांनी. लोकांना एक घराणं नसतं, हिला दोन आहेत. मी धावत शाळेत गेलो. फळ्यावर चारही आकडे लिहिले आणि चैतूला म्हटलं, बघ, बी.एस्सी.! आहे का असं कुठं?

चैतूचं तोंड उतरलं. खरंच उतरलं. फळ्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. म्हणाला, गुरुजी, हे दोन्ही तुम्हीच काढलं? मी म्हटलं, मग काय तुझ्या बापानं? तो म्हणाला, गुरुजी, सव्वीस तारखेला दुसरी संख्या घ्याल का? अजून वेळ आहे.

घाबरला! सरळ सरळ घाबरला. मी हसून त्याच्या पाठीवर थाप मारली. बावीस वर्षांत एवढं बरं वाटलं नव्हतं.

२५ जानेवारी

चैतू घरी आला. पुन्हा तेच. गुरुजी, दुसरी घ्या. मी त्याला ओसरीतूनच वाटेला लावलं. हरणारा माणूस असाच मागे लागतो. शकू म्हणे, पोरगं काय म्हणते ते ऐकून तं घ्या. ऐकलं की. दुसरी घ्या म्हणाला. घेणार नाही.

धोतर इस्त्री. टोपी धुतली. मिशी सारखी केली.

२६ जानेवारी

लिहायचं नाही ठरवलं होतं.

गाव जमलं होतं. झेंडावंदन झालं, शिक्षण खात्याचे साहेब बोलले. मग मी. फळ्यावर दहा लाख नऊ. मूळ म्हणजे काय, ते सांगितलं. मुखरूला उभं केलं, लोकांनी मान डोलावली. दोन्ही घराणी लिहिली. टाळ्या पडल्या. खरोखर पडल्या. मी म्हटलं, कोणाला भागता येत असेल तर या.

कोणी उठेना. हेडमास्तर चैतूकडे बघतात, चैतू जमिनीकडे. साहेब म्हणाले, मडावी मास्तर, तुम्ही बी.एस्सी. ना? तेव्हा तो उठला. माझ्याकडे न बघता फळ्यावर दोन आकडे लिहिले. दोनशे त्र्याण्णव. तीन हजार चारशे तेरा. खाली गुणाकार. तीन ओळी आणि बेरीज.

दहा लाख नऊ.

मी गुणाकार पाहिला. चूक शोधली. नव्हती. त्याच्या गुणाकारात चूक राहत नाही, मीच शिकवला आहे.

साहेबांनी विचारलं, कसं ओळखलंत? तो हळू आवाजात म्हणाला, गुरुजींनीच दाखवलं. मूळ संख्या दोन वर्गांत मोडलीच तर एकाच तऱ्हेनं मोडते. दोन तऱ्हा सापडल्या म्हणजे ती संयुक्त. आणि ते चार आकडे हातात असले की भाजकही त्यातूनच निघतो. एवढा मोठा शोध गुरुजींनी हातानं केला, असं त्यानं दोनदा सांगितलं. लोकांना त्यातलं एवढंच कळलं की भागली.

मी ओरडलो. साहेबांसमोर ओरडलो. मुखरू! दोनशे त्र्याण्णवला तू उरलं म्हणालास! बक्कळ म्हणालास!

मुखरू उभा राहिला. म्हणे, उरलं होतं जी. अखेरचं एक माप पुरतंच उरलं होतं. ते उचललं असतं तं खाली काईच राह्यलं नसतं. खळं कोनी उघडं ठेवते का? अखेरचं माप उचलाचं नसते, लक्षुमी जाते. तुमी इचारलं, उरलं का. मी म्हटलं, उरलं.

सगळं गाव हसलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. आणि कोणीतरी मागून म्हणालं, बरोबरच केलं मुखरूनं! बरोबर! माझी बावीस वर्षं गेली आणि म्हणे बरोबर केलं!

साधी शेवटची वजाबाकी. सातवीचं पोरगं करतं. मी केली नाही.

मरो ते ग्रीक, मरो तो मापारी, मरो ते दहा लाख नऊ.

२७ जानेवारी

चैतू आला होता. हेडमास्तरला त्यानं सांगितलं म्हणे, सातवी गुरुजींकडेच राहू द्या. हेडमास्तर म्हणाले, शब्द तो शब्द. मला भीक नको आहे, असं मी म्हटलं. तो ओसरीतच उभा राहिला. शकूनं त्याला चहा दिला. मला न विचारता.

तो गेल्यावर शकू म्हणे, रडू नका जी. मी रडत नव्हतो. डोळ्यांत खडू गेला होता. सुट्टीच्या दिवशीसुद्धा जातो.

२८ जानेवारी

निष्कर्ष: भाजक शोधला चैतूनं, पण दोन्ही घराणी माझी. चैतूला शिकवलं कोणी? मी. म्हणजे एका अर्थी संख्या मीच भागली. हेडमास्तरला हे लेखी कळवणार आहे.

कळवलं नाही. कागद नव्हता.

शुक्रवार, १ फेब्रुवारी

टकळी. पाचवीची पोरं. माझं सूत सहा वेळा तुटलं, एका पोरीचं एकदाही नाही. तिला वर्गाबाहेर काढलं. मग आत घेतलं, कारण कापसाचा पेळू कसा धरायचा ते तिलाच येतं.

गणित हा विषय मला तसा कधी फार आवडलाच नव्हता. पोटासाठी केलं. सूत कातणं डोक्याला बरं.

मधली भिंत पातळ आहे. पलीकडे सातवी. चैतू पाढे म्हणवून घेत होता. सत्तावीस नव्वे दोनशे त्रेपन्न म्हणाली पोरं. चुकलं! त्रेचाळीस! मी टकळी टाकून उठलो, दारापर्यंत गेलो. चैतूनं त्यांना पुन्हा म्हणायला लावलं. दुसऱ्यांदा बरोबर म्हणाली. मग पुढचा पाढा सुरू झाला.

थोडा वेळ दारातच उभा होतो. सातवीतून बोलवायला कोणी आलं नाही. आलं असतं तरी मी गेलो नसतो.